कुंकवामागचा काटा

ही हकीकत मी अठरा वर्षं टाळली. आधी नोकरी होती म्हणून, मग निवृत्त झाल्यावर कुणी विचारलं नाही म्हणून, आणि त्यानंतर बायको होती म्हणून. तिला कळलं असतं तर तिने त्याच दिवशी मला रिक्षात घालून महाळुंग्याला नेलं असतं. ती जाऊन आता तीन वर्षं झाली.

गेल्या वर्षभरात मी चाकणच्या पलीकडे चार वेळा जाऊन आलो. एका द्राक्षबागेचे चार हंगाम पाहिले, चौऱ्याहत्तराव्या वर्षी वाइन प्यायला शिकलो, कोणती कशाबरोबर चांगली लागते ते खाऊन पाहिलं. जे तिकडे गेले नाहीत त्यांच्यासाठी ते लिहितो आहे. पण त्याच्याबरोबर दुसरंही लिहिणं भाग आहे. सोपान नावाच्या माणसावर त्याच्या सख्ख्या भावाने चोरीचा आळ घेतला. तो आळ खोटा होता, आणि तो खोटा आहे हे फक्त मला ठाऊक होतं.

मी भोसरीच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होतो. आम्ही स्टीलच्या टाक्या बनवत असू, बहुतेक दूधवाल्यांसाठी. वाइनसाठी टाकी मागणारं आमचं गिऱ्हाईक एकच, मारुतराव. भामा नदीच्या काठच्या एका गावचा शेतकरी. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथले लोक अजून सोपानचं नाव काढतात. कारखाना केव्हाच बंद पडला. मी आकुर्डीच्या फ्लॅटमध्ये एकटा असतो. मुलगा हिंजवडीला, म्हणजे तसा गावातच. पण मधल्या ट्रॅफिकचं नाव पुढे करून तो फोनवरच भेटतो, आणि मीही तेच नाव पुढे करतो.

श्रावण

ऑगस्टमध्ये मारुतरावांचा फोन आला. इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकला. मला वाटलं, कळलं.

"साहेब, वळखलं का? तुमची टाकी मुतायला लागलीया."

"काय?"

"खालचा व्हॉल्व्ह गळतोय हो. कंपनीला फोन लावला तर म्हंत्यात असा नंबरच न्हाई. तुमी येऊन बघता का? जेवायलाच या."

दुसऱ्या दिवशी निघालो. चाकणच्या चौकात बस अर्धा तास उभी होती. खिडकीबाहेर नव्या कोऱ्या गाड्या लादलेला कंटेनर आणि त्याच्या सावलीत मेंढरांचा कळप, दोघंही सारखेच अडकलेले. तिथून पुढे वडापच्या जीपने गेलो. हमरस्ता सोडला तशी कंपन्यांची पत्र्याची छपरं मागे पडली, भाताची खाचरं लागली आणि मग मुरमाड उतारावर वेलींच्या रांगा दिसल्या.

बागेत फळ नव्हतं. मला ते विचित्र वाटलं. मारुतरावांनी समजावलं. द्राक्षाच्या वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. उन्हाळ्यात खरड छाटणी, तेव्हा वेल पार बोडका करतात आणि पुढे पावसाळाभर तो नुसती काडी पिकवतो. पाऊस सरला की गोडी छाटणी, आणि त्यानंतर फळ. "आत्ता बाग काय करती म्हणाल, तर विचार करती," ते म्हणाले.

मारुतराव आता सत्तरीचे. अंगाने वाळले आहेत, आवाज तोच आहे. व्हॉल्व्हचं रबर कुजलं होतं. मी येताना नवं नेलंच होतं, ते दहा मिनिटांत बसवलं. टाकीच्या अंगावरची जुनी पाटी मी पाहिली नाही. तिच्यावर माझी सही कोरलेली आहे.

जेवायला मारुतरावांच्या पत्नी, हौसावहिनींनी अळूवडी केली होती. मारुतरावांनी पांढऱ्या वाइनची बाटली आणून पाण्याच्या माठाशेजारी उभी केली, सगळ्यांच्या देखत. आमच्या सोसायटीत बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून येते आणि वर्तमानपत्रातच जाते. इथे वहिनी तिला ओलांडून भात वाढत होत्या.

"तुम्ही नाही घेत?" मी विचारलं, कारण त्यांनी घोट तोंडात घोळवून बाहेर जास्वंदीच्या मुळाशी टाकला होता.

"श्रावण हाय न्हवं. श्रावणात मी थुकतो. बाकी अकरा म्हैने गिळतो."

"आन् जास्वंदीला श्रावण न्हाई," वहिनी आतून म्हणाल्या.

माझा तो आयुष्यातला पहिला घोट. वास कच्च्या पेरूचा, जिभेवर लिंबू, आणि मग दोन्ही नाहीसे होऊन तोंड स्वच्छ. मागाहून अळूवडीचा तुकडा खाल्ला. चिंच-गुळाची वडी एरवी घशाशी रेंगाळते, या वाइनने तिला धुऊन काढलं आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागला. मारुतराव म्हणाले, हेच काम असतं तिचं. आंबट पांढरी ही तळलेल्याची आणि चिंचेची मैत्रीण.

निघताना त्यांनी दुसरी एक बाटली फडक्यात बांधून माझ्या पिशवीत ठेवली.

"जाताना महाळुंग्यावरनं जाल का? तिथं एक माणूस हाय. त्याला द्या."

"कोण?" मी विचारलं. मला ठाऊक होतं कोण.

"त्यो," ते म्हणाले, आणि व्हॉल्व्ह बघायला गेले.

महाळुंगे

महाळुंग्याला सोपानचं घर शोधायला वेळ लागला. कंपनीच्या भिंतीला लागून खोल्यांच्या दुमजली रांगा, प्रत्येक कठड्यावर निळे-करडे युनिफॉर्म वाळत घातलेले. भाडेकरू बहुतेक बीड-लातूरकडचे. सोपान वरच्या मजल्यावर कोपऱ्यात राहतो. साठी उलटलेला, केस पांढरे, पण हाताची बोटं अजून जाडजूड. त्याने अठरापैकी सोळा वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली. पत्रा ठोकणाऱ्या त्या यंत्रांनी त्याचे दोन्ही कान जवळजवळ नेले आहेत.

"मारुतरावांनी पाठवली!" मी म्हणालो.

"आं?"

"मारुतरावांनी! पाठवली!"

शेजारच्या चार दारांतून चार डोकी बाहेर आली. सोपानने बाटली हातात घेतली, फडकं ओळखलं, आणि बराच वेळ ते सोडलंच नाही.

मग त्याने दोन स्टीलचे पेले आणले. मी नुकताच शहाणा झालो होतो, म्हणून ओरडून सांगितलं की हिला काचेचा ग्लास लागतो. सोपान हसला. "पेल्यानं चव बदलत न्हाई, साहेब. बदलती ती टाकीत."

मी खाली मान घालून प्यालो.

त्याची सून सुक्या बोंबलाची चटणी घेऊन आली. त्याने एक घास खाल्ला, वर एक घोट घेतला आणि डोळे मिटले. "बोंबलानं हिची मान मोडली. हिला भाजका शेंगदाणा बरा." थोड्या वेळाने म्हणाला, "दादानं दोन दिस आधी तोडली द्राक्षं. पावसाला भ्याला आसंल. त्याला आदीपासनं घाई."

ती द्राक्षं गेल्या फेब्रुवारीत तोडलेली. भावाशी अठरा वर्षं न बोललेला माणूस पेल्यातून त्याची दोन दिवसांची घाई ओळखत होता. तेव्हाही टाकीजवळ हाच असायचा. मारुतराव बाग सांभाळत, चव सोपान सांभाळत असे. किल्ली त्याच्याकडे होती. आणि म्हणूनच आळ त्याच्यावर आला.

नवी टाकी आली त्या वर्षी पहिली मोठी वाइन पाणचट निघाली. नमुन्याला कॅन भरून जेवढी काढली होती तेवढी टाकीतली पातळी उतरायला हवी होती. ती उतरलीच नव्हती. म्हणजे कुणीतरी वाइन काढून रस्त्यावरच्या ढाब्यांना विकली आणि तेवढं पाणी आत ओतलं, असा हिशेब गावाने लावला. सोपानला बादल्या घेऊन टाकीकडे जाताना शेजाऱ्यांनी पाहिलं होतं. तो म्हणत राहिला की टाकी गार ठेवणाऱ्या यंत्राचं, चिलरचं, पाणी कमी होतं, त्यात भर घालत होतो. चिलरचं पाणी बंद नळ्यांतून फिरतं, ते जाणार कुठे? कुणाचाच विश्वास बसला नाही. मारुतरावांनी भर आळीत त्याला पाणीचोर म्हटलं. वाइन चोरली असं म्हणायचं होतं, पण रागात तोंडातून तो शब्द गेला आणि तोच टिकला. सोपान त्याच आठवड्यात बायकोपोरांना घेऊन महाळुंग्याला आला.

खंडेनवमी

ऑक्टोबरमध्ये मी बोलावणं नसताना गेलो. सोपानचं 'दोन दिवस आधी' मारुतरावांना सांगितलं तर ते फिस्कारले, "त्याला काय कळतंय!" आणि पाचच मिनिटांनी, "दोन म्हणाला का तीन?"

गोडी छाटणी नुकतीच झाली होती. हिरवी बाग गेली होती, नुसत्या काड्या उरल्या होत्या. बायका रबरी हातमोजे घालून काडीच्या प्रत्येक डोळ्याला, म्हणजे कोंबाच्या जागेला, बोटाने गुलाबी पेस्ट लावत होत्या, म्हणजे सगळे डोळे एकदम फुटतात. ओळीने बोट टेकवत जाणाऱ्या त्या बायका पाहून मला हळदीकुंकवाची आठवण झाली.

त्या दिवशी खंडेनवमी होती. वहिनींनी देवीच्या घटावर बांधायला कडाकण्या केल्या होत्या, गुळाच्या खुसखुशीत पुऱ्या. त्यांच्याबरोबर मारुतरावांनी एक छोटी बाटली उघडली. वेलीवर मुद्दाम जास्त दिवस ठेवलेल्या, मनुक्याकडे झुकलेल्या द्राक्षांची ती गोड वाइन. गोड वाइनबरोबर तिच्यापेक्षा गोड पदार्थ चालत नाही, नाहीतर ती आंबट वाटते, असा त्यांचा नियम. कडाकणी बेताची गोड, म्हणून जोडी जमली. वाइनला मधाचा आणि वाळत्या अंजिराचा वास होता. मी दोनदा मागून घेतली.

मग मारुतराव पूजेला उठले. पंप, द्राक्षं दाबायचं यंत्र, छाटणीच्या कात्र्या, शेवटी टाकी. टाकीला झेंडूची माळ घातली, तिच्या दाबमापकाच्या काचेवर हळदीचं एक आणि कुंकवाचं एक बोट टेकवलं. काचेमागचा काटा दिसेनासा झाला.

"साहेब, बसा की. घाम का आलाय?"

मी बसलो. जे आठवलं ते इथे लिहितो.

वाइनच्या टाकीला दोन भिंती असतात. मधल्या पोकळीतून, म्हणजे जॅकेटमधून, चिलरचं गार पाणी फिरतं. त्या पोकळीची तपासणी अशी की तिच्यात पाणी भरून दाब द्यायचा, काटा कुठे आहे ते लिहायचं आणि एक दिवस तसंच ठेवायचं. दुसऱ्या दिवशी काटा तिथेच असेल तर सही. उतरला असेल तर कुठेतरी जोड गळतो.

अठरा वर्षांपूर्वी मारुतरावांची टाकी मी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दाबावर लावली होती. दसऱ्याला टाकी घरी आली पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. दुसऱ्या दिवशी ट्रक दारात उभा होता, वर सोपान बसला होता, हातात नारळ घेऊन. आम्ही कारखान्यात सकाळी पूजा केली होती. सगळ्या मशिनींना माळा, आणि कुणीतरी माझ्या दाबमापकाच्या काचेवर भरगच्च कुंकू लावलं होतं. काटा त्याच्या मागे होता.

ते कुंकू मी पुसायला हवं होतं. बोटभर जागा. पण पूजेचं कुंकू ओलं असताना कसं पुसायचं, सगळे बघत होते, कारखान्याचे मोठे साहेब प्रसाद वाटायला सांगत होते. मी वाकून पाहिलं. मला काटा दिसला नाही. मी कालचाच आकडा लिहिला आणि सही केली. सोपानने वरून ओरडून विचारलं, "साहेब, झाली का पास?" मी म्हणालो, "पास."

हेही चूक म्हणून सोडलं असतं. पण मे महिन्यात ती टाकी गारवा धरत नाही म्हणून दुरुस्तीला परत आली. मी पोकळीत रंगीत पाणी सोडलं आणि आत दिवा धरून बसलो. एका जोडावर लाल थेंब आला. सुईच्या टोकाएवढं भोक. चिलरचं पाणी तिथूनच वाइनमध्ये जात होतं, दाबाने, रात्रंदिवस, आणि सोपान बादल्या भरत होता. तो खरं बोलत होता. तोपर्यंत त्याला घर सोडून दोन महिने झाले होते, हेही टाकी घेऊन आलेल्या ड्रायव्हरने मला सांगितलं होतं.

मी भोक भरून घेतलं, वरून पॉलिश करून घेतलं आणि कागदावर लिहिलं: जॅकेटची सफाई.

मला वाटलं, भाऊ आहेत, जुळेल. असं वाटून घेणं सोपं होतं.

पौष

जानेवारीत बागेत पोचलो तेव्हा मणी रंग धरत होते. एकाच घडात हिरवे, गुलाबी आणि काळे. वारा बोचरा होता आणि शेजारच्या ज्वारीत हुरडा आला होता. बांधाशी आगटी पेटवून मारुतराव कणसं भाजत होते. तळहातावर चोळून, फुंकर मारून गरम दाणे माझ्या हातात देत होते. हुरड्याबरोबर त्यांनी गुलाबी वाइन दिली. काळ्या द्राक्षाचा रस सालीवर जेमतेम काही तास ठेवून काढलेली. लसणाच्या चटणीने पेटलेल्या जिभेवर ती गार पडली, आणि दाण्याची गोडी तिने झाकली नाही.

जेवणात मासवडी होती. नावात मास आहे, पण ती शाकाहारी. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, कांदा-लसणाचं सारण भरून गुंडाळतात, कापतात आणि झणझणीत रश्श्याबरोबर वाढतात. तिच्याबरोबर लाल वाइन. घरी मी ती एकदा उघडली होती, पोळी-भाजीबरोबर, आणि मला ती शाईसारखी तुरट लागली होती. इथे मासवडीच्या तेलाने तिचा तुरटपणा विरघळला आणि मागून मिरीचा वास वर आला. खरं सांगायचं तर फरक नुसत्या मासवडीचा नव्हता. एकट्या माणसाची बाटली तीन दिवस पुरते आणि तिसऱ्या दिवशी आंबते. इथे ती चौघांत एका बैठकीत संपली. चौथा होता त्यांचा गडी, तो दोन घोटांनंतर म्हणाला, "मला आपला चहा बरा."

जेवण झाल्यावर मारुतराव माझ्याजवळ सरकले.

"साहेब, तुमी त्याला भेटताय. एक निरोप सांगा." त्यांनी आगटीतली राख काडीने उकरली. "म्हणावं, मी इसरलो. पाणी घातलंस, जाऊ दे. लहान भाऊ हायेस. माफ केलं. ह्या काढणीला ये. आता माझं किती दिस ऱ्हायलेत?"

वहिनी डोळ्याला पदर लावून घराकडे गेल्या. तेव्हाच बोलायला हवं होतं. माझ्यासमोर एक म्हातारा माणूस काहीच न केलेल्या भावाला माफ करत होता, आणि ती माफी पोचवायला त्याने मला निवडलं होतं. मी म्हणालो, "सांगतो."

महाळुंग्याला पोचलो तेव्हा पहिली शिफ्ट सुटत होती. गॅलरीत माणसंच माणसं. मी निरोप ओरडून सांगितला. 'माफ केलं' हे शब्द मला तीनदा ओरडावे लागले. तिसऱ्या वेळी सगळी गॅलरी गप्प झाली.

सोपान हसला नाही, रागावलाही नाही.

"मी घातलंच न्हाई, तर माफी कशाची, साहेब?" तो म्हणाला. "दादाला सांगा, मी येतो. आत्ता येतो. फकस्त त्यानं म्हणावं की तू घातलं न्हाईस. माझी आई मेली तवा मी उंबऱ्याबाहेर हुबा व्हतो. आत न्हाई गेलो. पाणीचोरानं आईच्या तोंडात पाणी कसं घालायचं?"

मी त्याचा हात धरला. "सोपान," मी म्हणालो, "ते पाणी…"

"आं?"

"पाणी! ते पाणी!"

"पाणी व्हय? आणतो की." तो उठला आणि माठातून पेलाभर पाणी घेऊन आला. "घ्या. लई ओरडलात, घसा सुकला आसंल."

गॅलरीतले लोक बघत होते. मी ते पाणी प्यालो, आणि पेला पालथा घालून घरी आलो.

मारुतरावांनी फोनवर विचारलं, काय म्हणाला? मी म्हणालो, विचार करतो म्हणाला. एवढं खोटं आणखी.

काढणी

ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नव्हती. म्हणून मी ती लिहिली. एक कागद, मोठं अक्षर, तपासणीच्या अहवालासारखं सरळ. घडी घालून खिशात ठेवला आणि फेब्रुवारीच्या शेवटी काढणीला गेलो.

द्राक्षं उजाडताना तोडतात, ऊन चढायच्या आत. मारुतरावांनी मला एक कात्री आणि क्रेट दिला. घडाच्या देठाला गारवा असतो, हाताला दव लागतं, आणि बोटं लगेच चिकट होतात. त्यांच्या हातात साखर मोजायची नळी होती. मणी चिरडून तिच्या काचेवर थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. त्यांनी ती माझ्या डोळ्याला लावली. काच स्वच्छ होती, आकडा लख्ख दिसला.

"दोन दिस थांबलो औंदा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "व्यापारी ओरडत व्हता, आभाळ आलं व्हतं. म्हणलं, थांबू."

न्याहारीला ज्वारीची भाकरी, पिठलं आणि नुकताच दाबलेला रस. अजून वाइन झाला नव्हता, नुसता गोड. "ह्याच्याबरुबर काय चांगलं लागतंय?" मी मारुतरावांच्याच सुरात विचारलं.

"काम," वहिनी म्हणाल्या.

मारुतराव दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आले. कुणाची वाट बघताय, असं मी विचारलं नाही. दहा वाजता त्यांनी दोन घड निवडले, वेलीच्या पानात गुंडाळले आणि माझ्याकडे दिले. या वेळी त्यांनी 'त्यो' म्हटलं नाही. "सोप्याला द्या," म्हणाले.

दुपारी मी महाळुंग्याला होतो. सून कामावर गेली होती. शेजारची दारं बंद होती. इतकी शांतता तिथे मी कधी अनुभवली नव्हती. सोपानने एक मणी तोंडात टाकला, साल चावली, बी चावली. मग दुसरा. त्याचे डोळे भरून आले.

"आता बरुबर तोडली," तो म्हणाला. "दोन दिस थांबला. माझं ऐकलं त्यानं, साहेब."

मी खिशातून कागद काढून त्याच्या हातात दिला. त्याने घडी उलगडली, लांब धरला, जवळ धरला.

"चष्मा पोराच्या गाडीत ऱ्हायला. मोठं हाय पर दिसत न्हाई. काय हाय?"

मी घडावरचं पान सारखं करू लागलो.

"सूनबाई आली म्हंजी वाचून घेतो," तो म्हणाला आणि कागद खिशात ठेवू लागला.

त्याच्या सुनेने तो मोठ्याने वाचला असता. त्याला ऐकू जावा म्हणून तिला ओरडून वाचावा लागला असता, सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल असा. अठरा वर्षांपूर्वी भर आळीत त्याला जे म्हटलं गेलं, ते असंच सगळ्यांसमोर पुसलं गेलं असतं. मला तेव्हा एवढंच दिसलं की त्यात माझं नाव आहे.

मी हात पुढे केला आणि त्याच्या खिशातून कागद परत घेतला.

"राहू दे," मी त्याच्या कानाशी म्हणालो. "काही विशेष नाही. कोणत्या वाइनबरोबर काय खायचं, त्याची यादी आहे."

सोपान मोकळेपणाने हसला. "आमाला कशाला यादी?" तो म्हणाला आणि एक मणी तोडून माझ्या तळहातावर ठेवला.

त्या कागदावर लिहिलं होतं ते असं:

सोपान,

पाणी तू घातलं नाहीस. टाकीच्या जोडाला भोक होतं. चिलरचं पाणी त्यातून आत जात होतं. तू बादल्या चिलरमध्येच ओतत होतास. दाबाचा काटा उतरला होता का, ते मी पाहिलंच नाही. काचेवर कुंकू होतं, मी ते पुसलं नाही आणि पास म्हणून सही केली. भोक मेमध्ये सापडलं, तेही लपवलं. हा कागद दादाला दाखव. आईच्या वेळी तू आत जायला हवा होतास. तुला बाहेर मी उभं केलं.

चुकलो रे.